मुंबईतील घर प्रोबेटविना वारसांच्या नावावर कसे करावे

दादर किंवा गिरगावातील एखाद्या गृहस्थाने आपला फ्लॅट मुलीच्या नावे मृत्युपत्राने लिहून ठेवला आणि पुढे ते वारले, तर मुलीने सोसायटीत अर्ज करताच सचिवांचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षे एकच असे, आणि तो म्हणजे प्रोबेट आणले आहे का. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ प्रमाणे, कलम ५७ सोबत वाचल्यास, मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात (ढोबळमानाने मुंबईच्या हद्दीत) केलेल्या किंवा त्या क्षेत्रातील स्थावर मिळकतीसंबंधीच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा असेल तर प्रोबेट अनिवार्य होते. तेच मृत्युपत्र पुण्यात झाले असते आणि मिळकतही पुण्यात असती तर ही अट लागली नसती. उलट घर रत्नागिरीत असूनही सही गिरगावात केली, एवढ्याच कारणाने प्रोबेटची गरज उभी राहत असे. इंग्रजी अमदानीतील इलाख्याच्या शहरांपुरती आखलेली ही रेषा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे हे कलम २१३ वगळले. त्यामुळे मुंबईच्या मृत्युपत्रांसाठी प्रोबेटची सक्ती राहिलेली नाही. मात्र ज्यांचा अर्ज आधीच न्यायालयात दाखल आहे किंवा जुना वाद प्रलंबित आहे, त्यांनी तो मागे घेण्यापूर्वी आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. सक्ती गेली म्हणून घर आपोआप वारसांकडे जात नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. न्यायालयाचा शिक्का जे काम करत होता, ते आता मूळ दस्ताने स्वतःच केले पाहिजे. दस्त इतका नेटका असावा की सोसायटी, भूमापन कार्यालय आणि उद्याचा खरेदीदार या तिघांपैकी कोणालाही न्यायालयाकडे बोट दाखवावेसे वाटू नये. पुढील सर्व विवेचन मुख्यतः हिंदू कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मृत्युपत्राने साधारणतः एक तृतीयांशाहून अधिक मिळकत देता येत नाही आणि वारसांचे हिस्सेही वेगळे असतात.

पहिली पायरी: मिळकत नेमकी कोणाची आहे ते पाहणे

बहुतेक घरांत या पायरीकडे दुर्लक्ष होते आणि बहुतेक भांडणांचे मूळही येथेच सापडते. खरेदीखत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि कर्ज असल्यास बँकेचे कागद एकत्र काढून त्यांतील नावे एकमेकांशी जुळतात की नाही हे आधी पाहावे. आजोबांचे नाव आजही उताऱ्यावर असेल, तर नातवाच्या नावाने केलेला कोणताही दस्त मधल्या पिढीच्या वारस नोंदीशिवाय लंगडा ठरतो.

त्यानंतर मिळकत स्वकष्टार्जित आहे की सहदायकीची, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणारी एकत्र कुटुंबाची, हे ठरवावे. वडिलांकडून आलेली प्रत्येक गोष्ट वडिलोपार्जित, असा समज गावोगावी आहे आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. वडिलांची स्वतःची मिळकत त्यांच्या मृत्यूनंतर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे मुलाला मिळाली, तर ती त्याची वैयक्तिक मिळकत होते आणि तिचे तो काहीही करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून स्पष्ट केले आहे. खरोखर सहदायकीची मिळकत असेल तर तीत मुलींचा जन्मतः मुलांइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा २२ जून १९९४ पासूनच केली होती, २००५ मध्ये ती देशभर लागू झाली, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बाधित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. सहदायकीतील आपला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीविना कोणालाही बक्षीस देता येत नाही. तो मृत्युपत्राने मात्र देता येतो, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ३० तशी मुभा देते. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे नोंदणीचा खर्च करून केलेली बक्षीसपत्रे पुढे निरुपयोगी ठरतात.

आणखी एक समज असा की फ्लॅटवर पती-पत्नी दोघांची नावे असली की एकाच्या पश्चात सगळे घर दुसऱ्याचे होते. अमेरिकेत काही राज्यांत तशी मालकी असते, आणि तिकडे राहणारे आपले नातेवाईक तोच नियम इकडे गृहीत धरतात. भारतात सर्वसाधारणपणे सहमालकाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. समजा पतीच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि वृद्ध आई आहे, मृत्युपत्र नाही, आणि फ्लॅट पती-पत्नीच्या निम्म्या-निम्म्या मालकीचा आहे. पतीच्या अर्ध्या हिश्श्याचे चार समान वाटे होतील, म्हणजे पत्नीकडे एकूण पाच अष्टमांश आणि मुलगा, मुलगी, आई यांच्याकडे प्रत्येकी एक अष्टमांश येईल. वर्ग १ च्या, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्या, वारसांत आई येते, वडील येत नाहीत, आणि या आईचा विसर कुटुंबांना हमखास पडतो. पुढे आई वारली की तिच्या एक अष्टमांशात तिच्या इतर मुलामुलींचाही वाटा येतो आणि दीर-नणंदांच्या सह्यांशिवाय घर विकता येत नाही.

हयातीत देणे: बक्षीसपत्र

मृत्यूनंतरचा कोणताही प्रश्नच उरू नये, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी बक्षीसपत्र हा सर्वांत पक्का मार्ग आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला मिळकत दिली त्याने ती देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारली पाहिजे, म्हणून स्वीकाराचे वाक्य दस्तात लिहून घेणाऱ्याचीही सही घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ च्या सुधारणेने निवासी किंवा शेतीची मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये ठरवले. त्याखेरीज नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभार लागू होऊ शकतात. मुद्रांकाचे ठरावीक दर अधूनमधून बदलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांवरील १०० रुपयांचा मुद्रांक ५०० रुपये झाला, हे अलीकडचे उदाहरण. म्हणून दस्त छापण्याच्या आठवड्यातच दुय्यम निबंधक कार्यालयात दर विचारून घ्यावा. भाऊ, बहीण किंवा पुतण्या या सवलतीच्या यादीत नाहीत. नातेवाइकांकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही, परंतु पुढे घर विकताना नफा मोजण्यासाठी देणाऱ्याची मूळ खरेदी किंमतच धरली जाते, म्हणून जुने खरेदीखत दस्तासोबत सुपूर्द करावे.

बक्षीसपत्राची खरी किंमत मात्र मुद्रांकाच्या आकड्यात दिसत नाही. नोंदणी झाली की घर आपले राहिले नाही. मुलाशी बिनसले, सुनेशी पटले नाही किंवा मुलगा आपल्या आधी गेला, तरी ते सहजासहजी परत मिळत नाही. साठी-सत्तरीतील मालकाने आपले एकमेव राहते घर बिनशर्त बक्षीस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्यायचेच असेल तर दोन अटी दस्तात शब्दशः लिहाव्यात. पहिली, देणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क. असा हक्क राखून आणि ताबा न देताही बक्षीस वैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. दुसरी, घेणारा देणाऱ्याच्या मूलभूत गरजा आणि देखभाल पाहील. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ या दुसऱ्या अटीवर उभे आहे. अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दस्त रद्द करून मागता येतो, आणि जानेवारी २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. अट मुळात लिहिलेलीच नसेल, तर ती होती हे नंतर सिद्ध करताना दमछाक होते.

फ्लॅटवर गृहकर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यावी. शेतजमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी अटींवर दिलेली) असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बक्षीसपत्र करू नये. मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थायिक असेल तर त्यांना घर बक्षीस देता येते, शेतजमीन देता येत नाही; तीच शेतजमीन त्यांना वारशाने मात्र मिळू शकते. कोकणातील आंब्याची बाग अमेरिकेतील मुलाला हयातीत देऊन टाकू पाहणाऱ्यांनी हा फरक मनावर घ्यावा.

मृत्यूनंतर देणे: मृत्युपत्र

बहुतेकांसाठी योग्य मार्ग मृत्युपत्राचाच आहे, कारण हयात असेपर्यंत मालकी आपल्याकडे राहते आणि विचार बदलल्यास नवे मृत्युपत्र करता येते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही आणि साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले मृत्युपत्रही चालते. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ची गरज एवढीच की करणाऱ्याने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी, त्याला सही करताना पाहून किंवा सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. पुढे न्यायालयात जावे लागलेच, तर या साक्षीदारांपैकी हयात असलेल्या किमान एकाची साक्ष लागते. म्हणूनच साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, ओळखीचे, आणि त्या मृत्युपत्रात काहीही न मिळणारे असावेत. आपल्याच वयाचे दोन जुने मित्र साक्षीला बसवण्याची पद्धत मनाला बरी वाटते, पण वीस वर्षांनी तिघेही नसतात.

नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही सोसायटी आणि भूमापन कार्यालय नोंदणीकृत मृत्युपत्राकडे वेगळ्या नजरेने पाहतात, त्यामुळे स्थावर मिळकतीसाठी ती करावीच. आजारपणामुळे कार्यालयात जाणे शक्य नसेल तर नोंदणी अधिकाऱ्याला घरी येण्याची विनंती करता येते. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे जमा करण्याची सोयही नोंदणी कायद्यात आहे. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र निर्विवाद खरे ठरले असे मात्र नाही. करणारी व्यक्ती त्या दिवशी शुद्धीत आणि समंजस होती, हे दाखवणारे डॉक्टरांचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र मृत्युपत्रालाच जोडावे.

मजकूर लिहिताना मिळकतीचे वर्णन खरेदीखतातून उतरवावे. इमारतीचे नाव, फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ, सिटी सर्व्हे क्रमांक आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक यांपैकी एकही गाळू नये. ज्याला घर दिले तो आधीच वारला तर ते कोणाला, हेही लिहावे. एखाद्या मुलाला काही देणार नसाल, तर ते विसरून राहिलेले नाही हे कळेल एवढे एक शांत वाक्य घालावे. रागाची वाक्ये मृत्युपत्र पाडण्याच्या कामी विरुद्ध पक्षालाच उपयोगी पडतात. शेवटी एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, नेमावी आणि तिच्याकडून होकार घ्यावा.

निःसंतान विवाहितेने मृत्युपत्र करण्यात जराही दिरंगाई करू नये. पती हयात नसलेली निःसंतान स्त्री मृत्युपत्राविना वारली, तर तिच्या स्वतःच्या कमाईचे घर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर बँकेत नोकरी करून घेतलेला फ्लॅट ज्या दिराशी बोलणेही नव्हते त्याच्याकडे जाणे, हे या कलमाचे सरळ फलित आहे.

शेतजमिनीबाबत एक सावधगिरी. कूळकायद्याखाली खरेदी केलेली जमीन किंवा शेतकरी नसलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने दिलेली जमीन यांना कायद्यातील हस्तांतरणाच्या मर्यादा लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधील, पण मूळ मुंबई कूळकायद्याच्या तरतुदींवरील प्रकरणात ठरवले. अशी जमीन भाच्याला किंवा मित्राला देण्याआधी महसुली कागद वकिलाला दाखवावेत.

नामनिर्देशन कशासाठी, आणि कशासाठी नाही

सोसायटीत नॉमिनेशन भरले म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले, हा समज मोडणे सर्वांत कठीण जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार सभासदाच्या मृत्यूनंतर सोसायटी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांच्या आधारे हिस्सा वर्ग करते. नामनिर्देशित व्यक्तीला वारसांची नावे लागेपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. म्हणजे तो देखभाल खर्च भरील, सभेची नोटीस घेईल, पण इतर वारसांना डावलून घर विकू शकणार नाही. तरीही नॉमिनेशन भरावेच, आणि मृत्युपत्रात ज्याला घर दिले त्याचेच नाव भरावे, म्हणजे दोन कागद एकमेकांच्या विरोधात बोलणार नाहीत.

ट्रस्ट करून घर त्यात ठेवण्याचा सल्लाही हल्ली ऐकू येतो. मतिमंद किंवा परावलंबी अपत्य असलेल्या कुटुंबांना तो खरोखर उपयोगी आहे. इतरांना हस्तांतरणाचा मुद्रांक आणि दरवर्षीचे हिशेब पाहता तो परवडतोच असे नाही.

मृत्युपत्र नसल्यास वारसांनी काय करावे

मृत्यूचा दाखला मिळताच सर्व वर्ग १ वारसांची यादी करावी आणि त्यात विवाहित मुली व आई आहेत ना, हे दोनदा तपासावे. सर्वांचे एकमत असेल तर न्यायालयाची गरज पडत नाही. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करावा. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवणे अपेक्षित आहे. शहरातील जमीन-इमारतीसाठी हाच अर्ज नगर भूमापन कार्यालयात होतो. फ्लॅटसाठी सोसायटीत अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची हमी) द्यावे लागते. मृताच्या वारसाच्या नावे हिस्सा करताना आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण प्रीमियम घेता येत नाही. कोणी मागितल्यास ते उपविधीतील कलम दाखवून नम्रपणे नाकारावे.

सगळे वारस मिळून घर एकाच्या नावावर करायचे ठरवतात तेव्हा हक्कसोडपत्र करावे. ते नोंदणीकृत असले पाहिजे आणि हक्क सोडणारा सहहिस्सेदाराच्याच नावे हक्क सोडू शकतो. सोडण्याबद्दल पैसे दिले-घेतले तर मुद्रांकाची सवलत लागू होत नाही. बहिणीची सही कोऱ्या कागदावर किंवा केवळ प्रतिज्ञापत्रावर घेऊन काम भागवण्याची चाल गावाकडे अजून दिसते. तिने पुढे हक्क मागितल्यास ते प्रतिज्ञापत्र टिकत नाही. तोंडी ठरलेल्या वाटणीची आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदणीविना चालू शकतो, पण त्या कागदानेच जर हक्क निर्माण होत असतील तर नोंदणी लागते, आणि हा फरक पटवून देण्याची वेळ येण्यापेक्षा नोंदणी केलेली बरी.

परदेशातील वारसाने या कामांसाठी मुखत्यारपत्र पाठवताना ते भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचे प्रमाणन) करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. वडिलांनी हयातीत मुलाला दिलेले मुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूसोबत संपते, हे विसरून त्यावर नंतर केलेली विक्री टिकत नाही.

न्यायालय टळत नाही तेव्हा

एखादा वारस मृत्युपत्र खोटे म्हणत असेल, किंवा सोसायटी परस्परविरोधी दाव्यांमुळे निर्णय देत नसेल, तर प्रोबेट घेणे अजूनही शहाणपणाचे असते. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नसल्यास त्याऐवजी प्रशासनपत्र, म्हणजे मिळकतीची व्यवस्था लावण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार, मागावे लागते. उत्तराधिकार प्रमाणपत्र सोसायटीच्या यादीत असले तरी ते मुळात येणी आणि रोख्यांसाठी असते, घराच्या मालकीसाठी नव्हे, आणि ते मिळवण्यात लोक महिने घालवतात. घरासाठी वारस कोण हे ठरवून हवे असेल, तर महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. जवळजवळ दोनशे वर्षे जुना हा विनियम आजही रोजच्या वापरात आहे.

गोव्यातील घराला यातील बरेचसे लागू होत नाही. तेथे गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ चालतो, अपत्यांसाठी निम्मी मिळकत राखीव असते आणि मृत्युपत्राने फक्त उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था करता येते. वारस ठरवणारा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. सावंतवाडीत राहून पेडण्यात घर असलेल्या कुटुंबाने दोन्ही घरांसाठी एकच मृत्युपत्र करण्याऐवजी गोव्याच्या घरासाठी तेथील वकिलाकडून वेगळा मजकूर करून घ्यावा.

दस्त झाल्यावर सूची दोनची (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या नोंदीची) प्रत, मिळकत पत्रिकेवरील नवी नोंद, शेअर सर्टिफिकेटवरील नाव, मालमत्ता कराचे बिल आणि वीजमीटर या पाचही ठिकाणी नाव बदलले आहे की नाही, ते एकेक करून पाहावे. फेरफाराची नोंद मालकी सिद्ध करत नाही, ती फक्त महसुलासाठी असते. पण ती नसेल तर खरेदीदाराच्या वकिलाची पहिली शंका नेमकी तेथूनच सुरू होते.